आईच्या कामावर कविता लिहायची तर

आईवरच्या कवितेत पूजा भरपूर असते, काम फार थोडं. 'त्यागमूर्ती' म्हटलं की हात जोडले जातात आणि सिंकमधली भांडी तशीच राहतात. जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण आहे, बहिणाबाईंच्या गाण्यात भाकरीआधीचे चटके आहेत, कारण दोघी ते काम स्वतः करत होत्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती छापून आली. आपलंही पहिलं काम उतरवून घेण्याचं.

अख्खं आयुष्य एका कवितेत घेऊ नका. एकच काम निवडा: पाणी भरणं, डबा, आजारी सासूचं पथ्य. बारा-सोळा ओळींना तेवढं पुरतं.

"तू दिवसभर काय करतेस?" असं विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर येईल. म्हणून वस्तूवरून विचारा. आज नळाला पाणी कधी आलं? डबेवाला यायच्या आत भाजी झाली का? गॅसचा नंबर कोणी लावला? दुधाचा हिशेब कुठे लिहितेस? लक्षात ठेवणं हेही कामच आहे, आणि नेमकं तेच कवितेतून सुटतं. वहीत डावीकडे वेळ, उजवीकडे क्रियापद लिहा: 5.10 भिजवलं, 5.25 मळलं, 5.40 लाटलं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. हे आकडे कवितेत घालायचे नाहीत. वही भरताना डोळ्यांसमोर ठेवायचे.

मग विशेषणं आणि भाववाचक नामं खोडा. ममता, वात्सल्य, माया हे शब्द काढल्यावर काही उरत नसेल, तर टिपणं कमी पडली आहेत. पुन्हा विचारायला जा. शब्द तिचेच ठेवा. लालबागच्या चाळीतली मालवणी बाई 'पात्र' म्हणणार नाही, 'टोप' म्हणेल.

साचा हवा असेल तर थोरला अभंग घ्या: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. उदाहरणार्थ:

पहाटेचा नळ । कळशी भरते ।
भाकर थापते । घाईघाई ॥

इथे विशेषण एकही नाही, दोन क्रियापदं आहेत. यमकासाठी 'माऊली-सावली' ओढून आणलं की काम पुसलं जातं आणि पुन्हा आरती सुरू होते.

कविता हमखास शेवटी बिघडते. आई वारते, मुलगा रडतो, वाचकही रडतो आणि कामाचा प्रश्न बाजूला पडतो. त्यापेक्षा हिशेबापाशी थांबा. गिरणगावात खाणावळवाल्या बाया गिरणी कामगारांना जेवू घालायच्या आणि त्या जेवणाचे पैसे ठरलेले असायचे. तेच वरण-भात घरी केला की त्याला दर नाही. ही तफावत टीका न करता नुसती शेजारी शेजारी मांडली तरी पोचते.

छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवा. "असं नसतं रे, आधी तांदूळ धुते" असं ती म्हणाली, तर क्रम बदला. घरातली एखादी गोष्ट बाहेर जाऊ नये असं तिला वाटलं, तर ती ओळ काढून टाका, कितीही चांगली जमली असली तरी.