घरी बांधलेली शिडाची होडी: आधी वारा द्या, मग बळकटी

पावसाळाभर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली होडी दसऱ्याला उघडली, तेव्हा नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बंद पेटीतून अळंब्यांचा वास आला. आत स्क्रूड्रायव्हर टेकवला तर भिजलेल्या बिस्किटात बोट रुतावं तसा तो प्लायमध्ये रुतला. बारा फुटांची होडी, पार्किंगमध्ये स्वतः बांधलेली आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर दोन हिवाळे चाललेली. बांधताना सगळा जीव मजबुतीत घातला होता. तिला हवा लागते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

नाशिककरांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. लाकूड कुजवण्याच्या बाबतीत गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट. खारेपणा बुरशीला मानवत नाही. कोकणातल्या होडीचे शत्रू वेगळे, तिथे लाकूड पोखरणारे समुद्री किडे. आपल्याकडे धरणाचं पाणी आणि त्याहून घातक म्हणजे होडीत साचलेलं पावसाचं पाणी. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी जोर धरत नाही. त्यावर गेली, सोबत ऊब आणि कोंडलेली हवा मिळाली, की तिचं घर झालं.

तपासणी

मडकं घेताना वाजवून पाहतो तशी होडी वाजवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. संशय आला तिथे टोच्याने टोचून बघा. कोपरे, फळ्यांची टोकं, स्क्रूभोवतीची जागा आणि डोलकाठीची बैठक कधीही वगळू नका.

सडका भाग सापडला तर त्यावर पातळ रेझिन ओतून तो ‘दगडासारखा’ करण्याचा मोह होतो. मीही तेच करून बघितलं. ओलं लाकूड रेझिन पीत नाही. वर कवच धरतं आणि खाली सडणं चालूच राहतं. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा, मग आणखी चार बोटं कापा.

सुकवणं

इथे घाई नको. सगळी झाकणं काढा, आतला रंग जिथे फुगलाय तिथे खरवडून लाकूड उघडं करा आणि होडी सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. थेट उन्हात प्लाय वाकतो. टोकदार पिनांचा ओल मोजायचा मीटर मिळाला तर उत्तम; १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की काम सुरू करायचं. मीटर नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लाकडावर लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आतून थेंब दिसले तर अजून थांबा. माझ्या होडीला पाच आठवडे लागले. घरच्यांना वाटलं, मी काम सोडून दिलं.

हवेची वाट

बंद पेट्या होडी उलटली तरी तरंगती ठेवतात, म्हणून पाण्यावर त्या घट्ट बंदच हव्यात. पण किनाऱ्यावर त्यांना दोन तोंडं लागतात. एकाच भोकातून हवा खेळत नाही. खोलीला समोरासमोर खिडक्या लागतात तसंच हे. प्रत्येक पेटीला दोन टोकांना ४ ते ६ इंचांची, रबरी वायसर असलेली आट्यांची झाकणं बसवा.

पेट्यांच्या बाहेर, तळाच्या आडव्या पट्ट्यांखाली पाणी अडतं. तिथे मोऱ्या ठेवा, २० ते २५ मिमीच्या, कण्याच्या (तळाच्या मधल्या लांब लाकडाच्या) दोन्ही बाजूंना, म्हणजे पाणी सगळ्यात खोल जागी गोळा होऊन उपसता येईल. पेटीच्या भिंतीला मात्र मोरी पाडायची नाही, नाहीतर पेटीचा अर्थच उरत नाही. प्रत्येक मोरीच्या कडेला इपॉक्सीचे, म्हणजे हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनचे, तीन हात द्या. फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने शिरतं, हेच बहुतेक जण विसरतात.

बळकटी

आधी सामान. प्लाय आयएस ७१० चाच घ्या, हे मरीन प्लायचं भारतीय मानक. त्या दर्जाच्या प्लायची कसोटीच ७२ तास उकळण्याची असते. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. दुकानात फायबरच्या पत्र्यांसाठी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन पुढे करतील, स्वस्तही असतं, पण लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरत नाही. सातपूर-अंबडला फायबरचं काम करणाऱ्याने मला ‘हार्डनर थोडा जास्त टाक, लवकर सुकेल’ असा सल्ला दिला. पॉलिएस्टरला त्याची सवय चालत असेल, इपॉक्सीला नाही. डब्यावरचं वजनी प्रमाण काट्यावर मोजा. हातमोजे घाला, एकदा त्वचेला इपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही.

वेळेचंही गणित आहे. सकाळी लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनवर बुडबुडे येतात. दुपार कलल्यावर, लाकूड निवत असताना लावलं की ते आत ओढलं जातं. मेमध्ये मोठ्या डब्यात कालवू नका, डबा हातात पोळेल एवढा तापून जागीच दगड होतो. थोडं कालवा आणि पसरट भांड्यात ओता. डिसेंबर-जानेवारीत उलट त्रास. निफाडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात त्या रात्री रेझिन वाळतच नाही. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरे.

कापलेल्या जागी ठिगळ बसवताना कडा तिरक्या रंध्याने उतरवा, प्लायच्या जाडीच्या आठपट. म्हणजे ६ मिमीच्या प्लायला जवळपास ५ सेंमी उतार. ठिगळालाही तसाच. नुसती चौकोनी खाच करून बसवलेलं ठिगळ पहिल्याच लाटेत रेघ दाखवतं.

तळ आणि बाजू जिथे भेटतात तो कोपरा आतून भरायचा असतो. इपॉक्सीत बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि सिलिका पूड घालून चक्क्यातून काढलेल्या श्रीखंडाइतकं घट्ट करा, कोपऱ्यात घाला आणि बाटलीच्या गोल झाकणाने ओढा. तो चिकट आहे तोवरच त्यावर फायबर कापडाच्या दोन पट्ट्या, आधी ७५ मिमी, वर १०० मिमी. पूर्ण वाळू दिलंत तर पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुवा, मग पॉलिश पेपर मारा. नुसता पेपर मारला की मेण आत घासलं जातं आणि पुढचा थर सुटतो.

डोलकाठीची बैठक हे होडीचं उखळ. डोलकाठीला उभी धरणाऱ्या ताणलेल्या तारा तिला सतत खाली दाबतात, म्हणून बैठकीचा भार एका जागी न ठेवता सागवानाच्या जाड ठोकळ्याने आजूबाजूच्या आडव्या पट्ट्यांवर वाटा. सागवान तेलकट असतं. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा. आणि उखळात पाणी साचतं, तेव्हा बैठकीच्या तळाशी एक तिरकी खाच पाडून पाण्याला वाट द्या. माझी डोलकाठी बुडाला काळी पडली ती याच एका चुकीने.

सुकाणूच्या बिजागऱ्या आणि तारांचे कडे जिथे बसतात, तिथे मागून प्लायचे दोन तुकडे एकावर एक लावा. ५ मिमीच्या बोल्टला आधी १० मिमीचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध ५ मिमीचं पाडा. मग बोल्टला पाणी लागलं तरी लाकडाला लागत नाही.

शेवटी रंग. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, रंग लागतोच, आणि तो फिकटच. गडद निळी होडी देखणी दिसते, पण आपल्या उन्हात हात ठेववत नाही आणि आतली इपॉक्सीही मऊ पडते.

पावसाळ्यातली ठेवण

होडी गुडघाभर उंचीच्या दोन लाकडी घोड्यांवर पालथी घाला. वरून आडवा बांबू, त्यावर ताडपत्री ताणून, दोन्ही टोकं उघडी. होडीला ताडपत्री कुठेही टेकू नये. पेट्यांची झाकणं काढा आणि भोकांवर मच्छरदाणीचं कापड रबराने बांधा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीची घरं बांधते. काढलेली झाकणं एका पिशवीत घालून पिशवी सुकाणूला बांधून ठेवा. मी ती एकदा ‘नीट’ ठेवली होती. दसरा गेला, दिवाळी गेली, झाकणं फराळाच्या रिकाम्या डब्यात सापडली.