वारा पाठीशी, भरती समोर: फ्रीसलँडच्या टेकाडगावांतून सायकलने

नेदरलँड्सला गेलेली आपली बहुतेक मंडळी ट्यूलिपची शेतं आणि ॲमस्टरडॅमचे कालवे पाहून परततात. उत्तरेचा फ्रीसलँड प्रांत राहूनच जातो. तिथे वाडन समुद्राच्या काठाला माणसांनी रचलेल्या टेकाडांवर वसलेली गावं आहेत. या टेकाडाला तिथे ‘टर्प’ म्हणतात. समुद्राला बांध नव्हते त्या काळात, इसवीसनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास, लोकांनी चिखल, शेण आणि केरकचऱ्याचे थर चढवत घरापुरती उंची मिळवली. हा मुलूख सायकलवरूनच बघावा. मोटारीतून हे चढ कळतसुद्धा नाहीत.

आधी भरती बघा, मग तारीख ठरवा. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिथे उधाणाची भरती मात्र अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण दोन दिवसांनी येते. डच सरकारच्या जलखात्याची भरतीची वेळापत्रकं ऑनलाइन मिळतात. वाटेवरच्या होल्वर्ड गावाच्या आसपास पोचाल तेव्हा भरती असेल, असा दिवस निवडा. ओहोटीत पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात. पाणी चढलं की ते बांधाजवळ सरकतात आणि साध्या दुर्बिणीतूनही छान दिसतात. महिना जुलै-ऑगस्ट उत्तम, तेव्हा खाजणावर जांभळी फुलं असतात.

सायकल लेउवार्डनला, म्हणजे फ्रीसलँडच्या मुख्य शहरात, भाड्याने घ्या. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने साधारण सव्वादोन-अडीच तास लागतात. भाड्याच्या साध्या सायकलींना बरेचदा पायडल उलटं फिरवून ब्रेक लागतो. दुकानासमोरच दोन फेऱ्या मारून पायाला सवय करून घ्या. सायकलमार्गांच्या चौकांना क्रमांक आहेत. आपल्या वाटेचे क्रमांक ओळीने कागदावर लिहून हँडलला लावा, मग मोबाइल सारखा काढावा लागत नाही.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. वारा बहुधा नैऋत्येचा असतो आणि उघड्या बांधावर तो अंतरापेक्षा जास्त दमवतो. लेउवार्डन, हालुम, फेरवर्ट, हेगेबेइंतुम, होल्वर्ड, वीरम, मॉडरगाट आणि मुक्कामाला डोक्कुम, असे साधारण ६० किलोमीटर होतात.

हेगेबेइंतुमला घाई करू नका. हे देशातलं सर्वात उंच टर्प, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९ मीटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत टर्पांची सुपीक माती खत म्हणून खणून विकली गेली. इथेही टेकाडाचा मोठा भाग असाच गेला. चर्च आणि भोवतालची दफनभूमी तेवढी वाचली. चर्चच्या बाजूला उभं राहून खाली बघा, उतार एकदम तुटतो. तो फावड्यांनी केलेला आहे. शेकडो वर्षांत लोकांनी रचलेली उंची काही दशकांत बोटींत भरून गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

वीरमचं चर्च बांधाला अगदी खेटून आहे. पूर्वी ते गावाच्या मधोमध होतं, समुद्राने निम्मं गाव गिळलं. मॉडरगाटला बांधावर स्मारक आहे. मार्च १८८३च्या वादळात या छोट्या वस्तीतले ८३ मच्छीमार एका रात्रीत गेले. तिथे दोन मिनिटं नक्की थांबा.

बांधावरचे नियम पाळा. बांधावर मेंढ्या चरतात. फाटक उघडलंत तर मागे लगेच लावा. एखादी मेंढी पाठीवर उलटी पडून पाय झाडताना दिसली तर तिला कुशीवर वळवा आणि उभी राहीपर्यंत धरून ठेवा. तिला स्वतःहून उठता येत नाही आणि तशीच राहिली तर मरते. शेणाने डांबरी रस्ता निसरडा होतो, वळणावर जपून.

बांधापलीकडचं खाजण आपल्यासारखं खारफुटीचं नाही. गवत आणि मांसल पानांची खारट झुडुपं एवढंच, मधून वळणदार ओहळ. पाण्यात रोवलेल्या खुंटांच्या दुहेरी ओळी दिसतील. त्यांच्यामध्ये काटक्या भरलेल्या असतात, त्याने लाटेचा जोर मोडतो, गाळ बसतो आणि हळूहळू गवत धरतं. खाजणात सायकल घालू नका, पक्ष्यांच्या विणीच्या काळात तर पायीही पाट्या पाहूनच जा. ओहोटीत चिखलावरून चालायचं असेल तर वाटाड्या हवाच. पाणी मागून ओहळांतून भरतं आणि परतीची वाट बंद होते.

शिधा बरोबर ठेवा. लहान गावांत दुकान मिळेलच असं नाही, रविवारी तर मुळीच धरून चालू नका. पाव आणि लवंग-जिरं घातलेलं तिथलं चीज लेउवार्डनलाच घ्या. विंडचीटर उन्हाळ्यातही लागतो.

दुसऱ्या दिवशी डोक्कुमहून कालव्याच्या काठाने लेउवार्डनला परता. साधारण २५ किलोमीटर, बहुतेक वाऱ्याविरुद्ध, म्हणून सकाळी लवकर निघा. तेवढा वेळ नसेल तर हेगेबेइंतुमपर्यंतच जाऊन मागे फिरा, पण मग बांधावर चढून समुद्र बघितल्याशिवाय परतू नका.