पळसाची फुलं तपासताय? या चुका टाळा

फाल्गुनात एकाच माळावरच्या दोन पळसांची फुलं आणली, उकळली. एकाच्या फुलांचं पाणी गर्द भगवं, दुसऱ्याचं फिकं. लगेच निकाल लागतो: 'पहिल्या झाडात औषध जास्त.' अहो, जरा थांबा. झाडाझाडांत फरक असतोच, पण आपल्या हातून पडलेला फरकही कमी नसतो.

सगळ्यात जास्त घोळ वाळवणात होतो. ताज्या फुलात आयसोब्युट्रिन नावाचं पिवळं द्रव्य भरपूर असतं. फूल वाळताना ते हळूहळू ब्युट्रिन होतं, आणि ब्युट्रिनला स्वतःचा रंग जवळपास नाही. अणू तेच, तेवढेच, फक्त जोडणी बदललेली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या संशोधनात यकृताचं रक्षण करणारी म्हणून हीच दोन द्रव्यं पुढे आली होती, म्हणजे रंग फिका पडला की औषध गेलं, असंही म्हणता येत नाही. एक ढीग गच्चीवर दोन दिवसांत कडकडीत झाला आणि दुसरा पिशवीत आठवडाभर दमट राहिला, तर तुलना झाडांची झालीच नाही. सगळी फुलं एकाच दिवशी तोडा, एकाच सावलीत पातळ पसरा.

दुसरा चकवा पाण्याचा. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर तोच अर्क जास्त तांबूस दिसतो. खात्री करायची तर वाटीभर अर्कात चिमूटभर चुना टाका, रंग चढतो. लिंबू पिळा, उतरतो. लोखंडी कढईत तर उकळूच नका, अर्क काळवंडतो. नुसत्या डोळ्यांनी रंग बघून द्रव्य किती ते ठरवणं मला तरी पटत नाही.

वजन ओल्या फुलांचं करू नका, त्यात बहुतेक पाणीच असतं. फुलाच्या बुडाची काळपट मखमली वाटी, म्हणजे पुष्पकोश, आणि केशरी पाकळ्या वेगळ्या ठेवा. कळी, उमललेलं फूल आणि झाडाखाली पडलेलं फूल एकत्र करू नका. झाडागणिक पिशवी वेगळी. दहा झाडांची फुलं एकत्र कालवलीत की फरक शोधायला उरतोच काय?

पिवळा पळस दिसला तर लोक वेड्यासारखे ओरबाडतात. दुर्मीळ म्हणजे जास्त गुणकारी, हे गृहीतच. चार-दोन फुलं पुरेत.

आणि पिशवीत चिठ्ठी टाकाल ती पेन्सिलीनं लिहा. फुलांतल्या मधानं शाई पसरते, मग झाड कुठलं ते तुम्हालाही सांगता येत नाही.