सीआरपी वाढला म्हणून लगेच हळदीच्या कॅप्सूल? थांबा, आधी या चुका टाळा

मागच्या वर्षी ऑफिसच्या फुल बॉडी चेकअपमध्ये माझा एचएस-सीआरपी (शरीरातला दाह म्हणजे इन्फ्लमेशन दाखवणारं रक्तातलं प्रोटीन) 14 आला, शेजारी लाल अक्षरात 'हाय', आणि मी रात्री दीडपर्यंत मोबाईलवर हार्ट अटॅक न् कॅन्सर काय काय वाचत बसलो. सकाळी बायको म्हणाली, अहो, रक्त दिलं त्या दिवशी तुमची दाढ सुजली होती ना? होती की. चांगला गाल फुगलेला!

तर पहिली चूक हीच. सर्दी, ताप, दाढदुखी, पायाला लागलेलं असताना ही टेस्ट करायची नाही, आणि रविवारी सिंहगड चढून सोमवारी तर नाहीच नाही, कारण दमवणाऱ्या व्यायामानेही तो थोडा वर जातो. सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो, इन्फेक्शन झालं की एक-दोन दिवसांत भसकन वाढतो आणि बरं वाटलं की उतरतोही पटकन. वर्षानुवर्षं आत बारीक धुमसणारा दाह बघायचा असेल तर तब्येत ठणठणीत असताना, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा बघा. 1 च्या खाली छान, 1 ते 3 मधलं, 3 च्या वर हृदयविकाराचा धोका जास्त, आणि 10 च्या वर असेल तर आधी दुसरं काही चाललंय का ते शोधा. हे आकडे मिलिग्रॅम पर लिटरचे हां, काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथला 0.5 म्हणजे इथला 5, आणि लोक 0.5 बघून खूश होऊन घरी जातात. साध्या सीआरपीवर हे बारीक काही कळत नाही, 'एचएस' म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटीवालीच लागते. माझा तीन आठवड्यांनी 2.8 आला. म्हणजे दाढेने घाबरवलं खरं, पण एकदम क्लीन चिटही नाही.

दुसरं म्हणजे, दाह म्हटलं की आपल्याकडे लोकांना उष्णता आठवते, मग सब्जा, गुलकंद, वाळ्याचं पाणी. उन्हाळ्यात मस्त लागतं, प्या, पण हा दाह तो नव्हे. हा जळजळत नाही, दुखतही नाही. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्कींनी 2000 साली याला इन्फ्लमेजिंग असं नाव दिलं, इन्फ्लमेशन अधिक एजिंग. वय वाढतं तशा काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, रिटायर होऊनही रोज ऑफिसात येऊन कटकट करणाऱ्या साहेबासारख्या, आणि आजूबाजूला दाह वाढवणारी केमिकल्स सोडत बसतात. पोटाच्या आतली चरबीही तेच करते. मग रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, इन्सुलिनचं काम अडतं, स्नायू झिजतात.

आणि इथेच आपली सगळ्यात मोठी चूक, मी तर बारीक आहे, मला काय होतंय! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. चरबी मोजली तर युडकिनसाहेब 9.1 टक्के आणि आपले डॉक्टर 21.2 टक्के. काटा दोघांना सारखंच फिट म्हणणार. म्हणून वजन सोडा, कंबर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80, त्याच्यावर नको. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण ढेरीच्या खाली घालतो. माझी 97 भरली, काय बोलणार.

आता हळद. डाळीत घालतो तेवढी घाला, चांगलीच आहे, पण ज्याच्यासाठी लोक कॅप्सूल घेतात ते करक्युमिन हळदीत साधारण 3 टक्के आणि तेही आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. मिरीतल्या पायपेरीनने ते कितीतरी जास्त शोषलं जातं हे बंगलोरच्याच डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवलं, म्हणून कॅप्सूलवाले मिरीचा अर्क घालतात, पण अशा गोळ्यांनंतर लिव्हर बिघडल्याच्या केसेस इटली-अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

त्याहून वाईट म्हणजे इन्फ्लमेशन आहे ना, मग रोज एक डायक्लो, म्हणजे डायक्लोफिनॅक ही पेनकिलर. आमच्या नात्यात एकांनी हे केलं आणि क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढवून बसले. किडनी जाते, पोटात अल्सर होतात. अहो, दाह नुसता शत्रू थोडाच आहे, तो राखणदारही आहे. 2017 च्या कँटोस ट्रायलमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर पेशंटना कॅनाकिनुमॅब हे दाह दाबणारं औषध देऊन बघितलं, पुन्हा अटॅक वगैरे 15 टक्क्यांनी कमी झाले, पण इन्फेक्शनने मरणारे वाढले.

खाण्याचं फार ताणत नाही. ब्लूबेरी, अ‍ॅव्होकॅडो शोधत फिरू नका, भाकरी, मटकीची उसळ, जवसाची चटणी घरात आहे, संध्याकाळचा वडापाव आणि बिस्किटांचा पुडा तेवढा आवरा. झोप सहा तासांच्या खाली नको. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती 'दातांसाठी' म्हणून सूट नाही.

हिरड्या मात्र कोणी बघतच नाही. ब्रश करताना रक्त येतं ते 'येतंच की सगळ्यांना' असं नसतं, हिरड्यांचा जुना आजार दाहाला चोवीस तास सरपण घालतो. माझ्या 2.8 मध्ये ढेरी किती आणि हिरड्या किती कोण जाणे, पण डेंटिस्टकडे क्लीनिंग केलं, रोज जेवणानंतर चालतोय, कंबर 93 वर आलीये. पुढची टेस्ट दिवाळीनंतर, फराळ संपल्यावर.