घरात शोक, बाहेर संचारबंदी: सात संध्याकाळची प्रार्थना

दंगलीच्या दिवसांत घरातलं माणूस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबासाठी ही प्रार्थना आहे. सांत्वनाला आलेला माणूस दारातच "देवाची इच्छा" म्हणून मोकळा होतो. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून भल्याचंच होतं, हे बायबलमधलं वचन (रोमकरांस 8:28) खरंच आहे, पण पहिल्याच दिवशी ऐकवलं तर रडणाऱ्याचं तोंड बंद होतं. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. म्हणून आधी विलाप, मग आशा. हा क्रम सोडू नका.

रोज वीस मिनिटं पुरेत. त्याआधी तासभर टीव्ही आणि व्हॉट्सअॅप बंद ठेवा, नाहीतर प्रार्थनेतही दंगलीच्याच बातम्या बोलल्या जातात. मुलांना आतल्या खोलीत पाठवू नका. पाळकांना येता येत नसेल तर फोन स्पीकरवर ठेवा. दफनाचं मात्र आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या, कारण किती माणसं चालतील हे त्या दिवशीच्या आदेशावर असतं. मोजक्यांत दफन उरकावं लागलं, तर स्मरणाची उपासना नंतर सवडीने ठेवा.

पहिल्या संध्याकाळी स्तोत्र 13. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत "कुठवर?" हा प्रश्न चारदा. चौथ्या वचनाशी थांबा, दोन मिनिटं शांत बसा, मग पाचवं-सहावं वाचा. मधल्या जागेत स्तोत्रकर्त्या दाविदाची परिस्थिती बदलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. पुढची वचनं कुणाच्या घशाबाहेर पडत नसतील तर तिथेच आमेन म्हणा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

पुढचे पाच दिवस बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक, रोज एक अध्याय. यरुशलेम बेचिराख झाल्यावरचा हा आक्रोश आहे. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे कॅलेंडरांवरचं लाडकं वचन तिसऱ्या अध्यायातलं, पण त्याआधीचे दोन अध्याय कुणी कॅलेंडरवर छापत नाही! तिसऱ्यात 66 वचनं आहेत, दोघांत वाटून घ्या. रोज वाचल्यावर मृतांची नावं घ्या: आपल्या घरातलं, आणि गावात मारले गेलेल्या इतर समाजांच्या माणसांचीही. इथे हमखास चूक होते. फक्त आपल्यांसाठीच प्रार्थना झाली, की तिचा सूड व्हायला वेळ लागत नाही.

कुणी झोपेना, जेवेना, जगण्यात अर्थ नाही म्हणू लागला, तर वचनांवर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

सातव्या दिवशी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि तो 17 शेकेल (जुनं वजनाचं माप) चांदी तोलून देऊन आपल्या अनाथोथ गावातलं शेत विकत घेतो, या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील या आशेने. खरेदीखत टिकावं म्हणून ते मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. त्या संध्याकाळी घरानेही पुढच्या वर्षाचा एक व्यवहार करावा: मुलाची फी भरा, बियाणं घ्या, किंवा शेजारच्या मोहल्ल्यातल्या जळालेल्या दुकानात मालाची आगाऊ ऑर्डर द्या. रक्कम थोडी असली तरी चालेल, पावती मात्र घ्या.