आजच्यापुरता भरवसा

आमच्या घरात दिवसाची सुरुवात चहाने होत नाही. ह्यांच्या किडन्या निकामी झाल्यात. डाव्या हाताला, मनगटाच्या वर फिस्तुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शीर धमनीला जोडलीय, तिथे मी आधी दोन बोटं ठेवते. मांजर घुरघुरावं तशी कातडीखाली भिरभिर लागते. लागली म्हणजे शीर चालू आहे. नाही लागली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, असं आम्हाला पहिल्या आठवड्यातच बजावलंय. बोटं तिथे असतानाच मी सकाळची प्रार्थना करते. चार वर्षं झाली.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घेणं. बाहेरच्या बाकावर नवीन आलेल्या बायका विचारतात, "बाई, तुम्ही एवढ्या शांत कशा?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून नगरमध्ये सगळे मला बाईच म्हणतात. मी मुळीच शांत नव्हते. कशी झाले, ते त्या बाकावरच्यांसाठी सांगते. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे आधार पवित्र शास्त्राचे येतील.

सगळ्यात आधी, "देवाची इच्छा" हे शब्द घाईने तोंडात आणू नका. मी ते पहिल्याच दिवशी म्हटले आणि तीन महिने रात्री झोपले नाही. मन आतून भांडत होतं आणि तोंडाने मी साक्ष देत होते. मग एका रात्री स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र उघडलं. सहा ओव्यांचं छोटंसं स्तोत्र, त्यात सुरुवातीलाच चार वेळा विचारलंय, "कोठवर?" अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. तेव्हा कळलं, की देवाकडे तक्रार करणाराही देवाकडेच तोंड करून उभा असतो.

तर असं करा. एक वही घ्या. आमच्या वहीत पुढून ह्यांचं वजन आणि बीपी लिहिलंय, मागून माझ्या तक्रारी. जे बोलायची लाज वाटते तेच लिहा. "मला राग आलाय" एवढं लिहिलं तरी चालेल. मग काय हवंय ते स्पष्ट मागा. "सगळं ठीक कर" असं मोघम नको, "आज सुई टोचताना त्रास होऊ देऊ नको" असं मागा. भरवशाची ओळ त्या दिवशी मनात आली तर लिहा, नाही आली तर वही मिटा आणि झोपा.

झोपा हे मी गंभीरपणे सांगते. शास्त्रातला संदेष्टा एलीया थकून रानात झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. घरातल्या आजारी माणसामागे आपण उपाशी फिरतो, मग प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतो. आधी जेवा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर स्वतःसाठीही डॉक्टरकडे जा. त्यात अविश्वास काही नाही. पैशाचंही तसंच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. ती रांग लावणं हेही त्या दिवसाचं तुमच्याकडे दिलेलं काम आहे.

आता पाण्याची बाटली. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून ह्यांना दिवसाला एकच लिटर, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. (तुमच्या माणसाचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील, आमचा धरू नका.) सकाळी मी एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवते. ह्यांनी अर्धा कप चहा घेतला की बाटलीतलं अर्धा कप पाणी ओतून देते. संध्याकाळी बाटलीत उरलंय तेवढंच रात्रीचं. पहिल्या उन्हाळ्यात हे बाटलीकडे बघत बसायचे, आणि ज्यांनी सत्तावीस वर्षं एसटी चालवली, कुणापुढे हात पसरला नाही, ते माझ्याकडे घोटभर पाणी मागायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

त्या बाटलीनेच मला मान्ना शिकवला. मान्ना म्हणजे रानात इस्राएल लोकांना देव आकाशातून द्यायचा ते अन्न, रोज त्या दिवसापुरतंच मिळायचं. उद्यासाठी झाकून ठेवलं की किडे पडायचे. माझी चिंता अशीच होती, सगळी उद्याची, पुढच्या वर्षीची. आता मी बाटली भरताना एकच विचारते, "आजचं काय?" आजचं उत्तर बहुतेक दिवशी असतं. पाच वर्षांनी काय, हे देवाच्या सत्तेखाली आहे, आणि तिथे हात घालायला गेले की माझे हात भाजतात.

ही सत्ता मान्य करणं मला सगळ्यात जड गेलं ते किडनीच्या वेळी. मी माझी द्यायला तयार होते. उपास केले, चर्चच्या मंडळीत प्रार्थना मागितली. तपासणीत मलाच साखर निघाली. मधुमेह असलेल्याची किडनी घेत नाहीत. दार बंद. त्या रात्री मी गेथशेमाने बागेतला, येशूला धरून नेण्याआधीचा प्रसंग वाचला. प्रभू येशूने तीन वेळा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. त्याला पहिल्याच वेळी "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणून उठता आलं असतं, तरी तो परत परत गेला. म्हणून तुम्हीही एकदा म्हणून मन वळलं नाही तर घाबरू नका. मला तीन वेळा नाही, चार-पाच महिने लागले.

लोक बोलतील. आमच्याच नात्यातल्या एका माणसाने घरी येऊन विचारलं, "कुठे काही पाप राहिलंय का बघा." योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं होतं, आणि प्रभूने उत्तर दिलं, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. तेवढं वाचून दाखवा, वाद घालू नका. शास्त्रातल्या दुःखी ईयोबाला भेटायला आलेले मित्रही सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर चांगले होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. तुम्ही कुणाला भेटायला जाल तेव्हा डबा घेऊन जा, बाकावर शेजारी बसा. "देवाच्या हातात आहे" हे वाक्य आपल्या स्वतःच्या दुःखाला म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या नाही.

मला पंडिता रमाबाई फार आधार देतात. केडगावच्या, आमच्या नगरच्या केडगावच्या नव्हे, दौंडजवळच्या. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, आणि जुलै १९२१ मध्ये एकुलती मनोरमा. तरी शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत हातचं सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. लेक गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांतली एकेक सकाळ मी डोळ्यांपुढे आणते. उठणं, कागद पुढे ओढणं, एक ओळ लिहिणं.

काल ह्यांचं वजन दीड किलो जास्त भरलं. पाय सुजलेत. मी वहीत मागच्या बाजूला "कोठवर?" लिहिलं आणि दिवा घालवला. आज बुधवार, पावणेसातला निघायचंय. बोटं ठेवली तेव्हा भिरभिर लागली. बाटली भरून ठेवलीय.