जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलताना

स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यापासून डिस्क बदलायला फार तर अर्धा तास लागतो. खरं काम त्याआधीचं. जुन्या डिस्कवरचं सगळं नीट उतरवून घ्यायचं असतं आणि आपलं मशीन कोणती डिस्क घेईल हे दुकानात जाण्यापूर्वी ठाऊक असावं लागतं.

आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडा. त्यात रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर्स (डिस्कचे बदललेले आणि संशयित खराब तुकडे) या दोन ओळींपुढचा शेवटचा आकडा शून्य हवा. पेंडिंगचा आकडा दिवसागणिक वाढत असेल तर डिस्क जात आहे. मात्र अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर एवढीच ओळ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. नवी साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी अरुंद केबल) लावून बघा. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबला की डिस्कचा खर्च वाचला.

आतून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका आणि ती फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. आत पाणी धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते. डेटा मोलाचा असेल तर ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आता मशीन उघडून बघा. रुंद, चपटी, ४० पिनांची पट्टी दिसली तर ते आयडीई. अरुंद, ७ पिनांची केबल असेल तर साटा. २००३ नंतर साटा हळूहळू रुळलं, त्यामुळे काही मदरबोर्डांवर दोन्ही असतात. साटा पोर्ट असेल तर तोच वापरा. पॉवर सप्लायला साटाची १५ पिनांची चपटी पिन आहे का, तेही पाहा. नसेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारं कन्व्हर्टर लागतं. ते घेताना ज्याच्या कनेक्टरमध्ये तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तेच घ्या. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आत तारा एकमेकींना टेकून आग लागू शकते. पोर्ट, पॉवरची पिन आणि डिस्कवरचं लेबल यांचे फोटो काढून ठेवा.

इंदुरात खरेदीला आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल सोयीचा. विंडोजसाठी २५० किंवा ५०० जीबीची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपांची वेगवान डिस्क) आणि फोटो-व्हिडिओसाठी जुनी डिस्क धड असेल तर तीच, ही जोडी जुन्या मशीनला सर्वांत जास्त मानवते. साटा कितीही जुनं असलं तरी वेगात फरक जाणवतो. जुन्या बायॉसच्या (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) मशीनवर विंडोजची डिस्क २ टीबीपेक्षा मोठी घेऊ नका, वरची जागा वाया जाते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोत पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क किती तास चालली तो आकडा, तपासा. ‘नव्या’ डिस्कवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, परत करा.

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवण्याआधी, महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्याच. एक गोष्ट सगळ्यांच्याच हातून सुटते: फॉन्ट. आपल्याकडे हिंदी अर्ज कृतिदेवमध्ये आणि मराठी मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीमध्ये टाइप केलेला असतो. हे युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं) नव्हे. नव्या विंडोजमध्ये ते फॉन्ट नसले की मंडळाची सभासद यादी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स फोल्डरही उचला. टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्या आतूनच बॅकअप घ्या आणि लायसन्स सरेंडर करा.

क्लोनसाठी क्लोनझिला हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घाला. दोन्ही डिस्क बोर्डाच्या साटा पोर्टला जोडा. यूएसबी २ मधून सेकंदाला ३०-३५ एमबीच जातात, म्हणजे २०० जीबीला दीड तासाच्या वर. ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ निवडल्यावर स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं ते विचारतं. इथे घात होतो: उलट निवडलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. कॅबिनेट बंद करण्याआधी दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर कागदावर लिहा आणि स्क्रीनवर तेच जुळवा. नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान असेल तर क्लोनझिला सहसा अडतो. आधी पार्टिशन लहान करावं लागतं. पेंडिंग सेक्टर असतील तर क्लोनझिलाऐवजी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. तो आधी धड भाग काढतो आणि मग खराब भागाकडे वळतो. मधेच लाइट गेली तरी मॅप फाइल (कुठवर काम झालं त्याची नोंद) दिलेली असेल तर पुढून सुरू होतो.

बसवताना स्विच बंद करून पॉवर केबल काढा, मग पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच डिस्क धरा. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि एसएसडीचे बारीक एम३. जाड स्क्रू एसएसडीत जबरदस्तीने पिळू नका. डिस्क दोन्ही बाजूंनी कसा, एका बाजूने कसलेली थरथरते.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच असू द्या. दोघींची सही (डिस्क ओळखण्याचा नंबर) एकच असते, त्यामुळे विंडोज गोंधळतं. निळी स्क्रीन येऊन मशीन पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर बायॉसमध्ये साटा मोड बघा. विंडोज आयडीई मोडमध्ये टाकलेलं असेल आणि आता एएचसीआय हा साटाचा नवा मोड असेल (किंवा उलट), तर हेच होतं. जुना मोड परत लावा. रोज सकाळी घड्याळ मागे जाऊन मोड बदलत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते, ते बरोबर आहे. जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. तेवढ्यात कोणाला तरी एखादी राहिलेली फाइल आठवतेच.